कुटुंबवत्सल पिता : संत लुई मार्टिन



घरातील वडीलधारा माणूस गेला की अंत्यविधीच्या मिस्साआधी घरचे लोक आमच्या हाती एक चिठ्ठी देतात. "फादर, बाबांविषयी दोन शब्द बोला." चिठ्ठीतला मजकूर साधारण सारखाच असतो. बाबा फार कष्टाळू होते, पहाटे उठून कामाला लागायचे, मुलांची शिक्षणे केली, मुलींची लग्ने लावली, संध्याकाळची रोजरी कधी चुकू दिली नाही. हे सर्व खरे असते आणि आम्ही ते मनापासून वाचतो. परंतु त्याच घरी तीन-चार वर्षे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही कम्युनियन घेऊन गेलेलो असतो. बाबांना पोटच्या मुलांची नावे आठवेनाशी झाली होती, ते उठून कुठेही निघून जात म्हणून दाराला कुलूप घालावे लागे, हे आम्ही पाहिलेले असते. ती वर्षे चिठ्ठीत कधीच नसतात.

त्यामागे लाज असते, तसे प्रेमही असते. आपल्या बाबांना लोकांनी 'तसे' आठवू नये, असे लेकरांना वाटते. तरीही या महिन्यात आम्हाला या गळालेल्या वर्षांविषयीच बोलायचे आहे. १२ जुलै हा संत लुई मार्टिन आणि त्यांच्या पत्नी संत झेली यांचा सण. बाळ येशूच्या संत तेरेजाचे हे आईवडील. तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे, पण तिच्या वडिलांविषयी आपण फारसे ऐकलेले नसते.

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरात झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. तरुणपणी लुई घड्याळाचे काम शिकले. बाविसाव्या वर्षी मठवासी होण्याच्या इच्छेने ते आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड मठात गेले. तेथील प्रमुखांनी त्यांना आधी लॅटिन शिकून येण्यास सांगितले. लुई यांनी अभ्यास सुरू केला, पण आजारी पडून त्यांना तो सोडावा लागला. (सेमिनरीत आमचे आणि लॅटिनचे जे काही झाले ते आठवून आम्हाला लुईंविषयी विशेष आपुलकी वाटते.)

१८५० साली त्यांनी आलाँसों या गावी घड्याळांचे व दागिन्यांचे दुकान थाटले. रविवारी दुकान बंद असे. पुढचे दार बंद ठेवून निदान बाजूचे दार उघडे ठेवावे, असे हितचिंतकांनी सुचवले. गिऱ्हाईक जाईल तर जावो, पण प्रभूचा दिवस प्रभूचाच, असे म्हणून लुईंनी तेही मानले नाही.

१३ जुलै १८५८ रोजी त्यांचा झेली यांच्याशी विवाह झाला. झेली यांनाही पूर्वी धर्मभगिनी व्हायचे होते. आलाँसोंची सुईने विणलेली लेस प्रसिद्ध होती आणि त्या लेसचा झेली यांचा स्वतःचा धंदा होता. गावातील बायका आपापल्या घरी लेसचे तुकडे विणून आणत व झेली ते बेमालूम जोडत. हा व्याप इतका वाढला की १८७० साली लुईंनी आपले दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या धंद्यातील हिशेब व पॅरिसच्या खेपा अंगावर घेतल्या. वीस वर्षे नावारूपाला आणलेले दुकान बायकोच्या कामासाठी सोडणारे नवरे आजही आम्हाला फारसे भेटत नाहीत. विवाहपूर्व शिबिरात ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. मुली हसतात, मुलगे खाली बघतात.

या जोडप्याला नऊ मुले झाली. त्यातील चार लहानपणीच गेली. दोन मुलगे आणि दोन मुली. मारी, पोलिन, लेओनी, सेलिन आणि सर्वांत धाकटी तेरेजा अशा पाच मुली राहिल्या. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली स्तनांच्या कर्करोगाने वारल्या. तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती आणि लुई चोपन्न वर्षांचे. आलाँसोंत त्यांचे मित्र होते, स्वतःची छोटी बाग होती, मासे पकडायची आवडती जागा होती. तरीही मुलींना मामाचा आधार मिळावा म्हणून त्याच वर्षी हे सर्व सोडून ते लिझ्यू गावी राहायला गेले.

तेथील दिवसांचे वर्णन तेरेजाने आपल्या आत्मकथनात केले आहे. दुपारी बापलेक फिरायला निघत आणि वाटेतल्या एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकत. संध्याकाळी शेकोटीजवळ वाचन, मग सर्वांची प्रार्थना. दागिन्यांच्या या व्यापाऱ्याने थोरल्या मुलीला 'हिरा' आणि पोलिनला 'मोती' अशी लाडाची नावे ठेवली होती. तेरेजा त्यांची 'छोटी राणी' होती आणि ते तिचे 'राजे'.

मग एकेक मुलगी कार्मेल मठात जाऊ लागली. १८८२ साली पोलिन गेली, १८८६ साली मारी. १८८७ च्या मे महिन्यात लुईंना पक्षाघाताचा पहिला झटका आला. त्याच महिन्याच्या शेवटी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजाने बागेत त्यांच्याजवळ मठात जाण्याची परवानगी मागितली. लुईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी नाही म्हटले नाही. भिंतीवरचे एक लहान पांढरे फूल त्यांनी मुळासकट अलगद उपटून तिच्या हाती दिले. पुढे बिशपांकडे आणि रोमला पोप तेरावे लिओ यांच्याकडे तेच तिला घेऊन गेले. ९ एप्रिल १८८८ रोजी तिला मठाच्या दारापर्यंत पोहोचवून ते घरी परतले.

पुढच्याच जूनमध्ये लुई घरातून नाहीसे झाले. शोधाशोध झाली आणि चौथ्या दिवशी ते ल हाव्र या बंदराच्या शहरात सापडले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा तो आजार होता. स्मृती जाई, भास होत. शेवटी १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तेथे ते सव्वातीन वर्षे होते. ज्याला गावात सगळे मान देत, तो माणूस वेड्यांच्या इस्पितळात! लिझ्यूमध्ये कुजबुज सुरू झाली की मुली एकामागून एक मठात गेल्या, विशेषतः लाडकी धाकटी गेली, म्हणून बापाचे डोके फिरले. हे बोलणे मठाच्या जाळीपलीकडे तेरेजाच्या कानांवरही गेले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

मन ताळ्यावर असण्याचे क्षणही लुईंना मिळत. अशाच एका क्षणी ते बोलून गेले की आयुष्यात आपल्याला कधी अपमान सोसावा लागला नव्हता आणि तो सोसण्याची आपल्याला गरज होती. दुसऱ्याविषयी आम्ही असे कधीच म्हणणार नाही, आणि आजारी माणसाच्या घरी तर कोणीच म्हणू नये. परंतु त्यांनी ते स्वतःविषयी म्हटले.

तेरेजाने वडिलांचा हा काळ लपवला नाही. सहा-सात वर्षांची असताना, वडील परगावी गेलेले असता, तिला बागेत त्यांच्यासारखाच एक वाकलेला माणूस झाकलेल्या डोक्याने चालताना दिसला होता. त्याचा अर्थ तिला आता उमगला. प्रभूच्या दुःखसहनात झाकलेला त्याचा पवित्र चेहरा तिला वडिलांमध्ये दिसू लागला. ती तीन वर्षे आपल्या कुटुंबाची सर्वांत फलदायी वर्षे होती, असे तिने लिहिले आहे.

बोएथियस या सहाव्या शतकातील विचारवंताने केलेली 'व्यक्ती'ची व्याख्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही परीक्षेसाठी घोकली होती. त्यात भर आहे तो माणसाच्या विचारक्षम स्वभावावर. तो विचार करू शकतो की नाही, हे त्या दिवशीच्या शक्तीवर अवलंबून असते, स्वभाव मात्र परमेश्वराने दिलेला असतो आणि आजार तो काढून घेऊ शकत नाही. परीक्षेत गुण मिळाले, पण अर्थ कळला तो पुष्कळ वर्षांनी, एका खाटेशेजारी. आम्हाला ओळखत नसलेल्या आजोबांनी होस्ती समोर धरताच तोंड उघडले.

पवित्र कुटुंबाच्या सणाला वाचल्या जाणाऱ्या बेनसिराच्या तिसऱ्या अध्यायात हे फार पूर्वीच आलेले आहे. म्हाताऱ्या बापाची बुद्धी चालेनाशी झाली तरी त्याला सांभाळून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस, असे तेथे मुलाला बजावले आहे. वडिलांच्या कष्टांचा हिशेब त्या ओळींत कोठेच नाही.

१० मे १८९२ रोजी लुईंना घरी आणण्यात आले. पाय गेलेले होते. दोन दिवसांनी त्यांना कार्मेलच्या भेटीच्या खोलीत नेले. मुलींची ही शेवटची भेट. निघताना त्यांनी बोट वर केले आणि स्वर्गात भेटू, एवढेच कसेबसे म्हटले. पुढची दोन वर्षे सेलिनने त्यांची सेवा केली. २९ जुलै १८९४ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षात, ते देवाघरी गेले. दीड महिन्याने सेलिननेही कार्मेलमध्ये प्रवेश केला.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली यांना संत घोषित केले. एकाच वेळी संतपद मिळालेले हे पहिलेच पतिपत्नी. त्यांचे आयुष्य तपासताना ख्रिस्तसभेने काँच्या इस्पितळातील वर्षे बाजूला काढून ठेवली नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनीच २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी मिस्सानंतर आम्ही घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कम्युनियन देण्यासाठी येणार आहोत. त्यांची नावे आदल्या शुक्रवारपर्यंत चर्चच्या ऑफिसात द्यावीत. 'फादर, त्यांना आता काही कळत नाही' म्हणून कोणाचे नाव गाळू नये. आणि जमल्यास नावाशेजारी चार ओळी लिहून द्याव्यात, ते काय काम करीत आणि आता त्यांचा दिवस कसा जातो. आत आल्यावर आम्हाला त्यांच्याशी बोलायचे आहे.