पत्रं आली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहावीत आहे. पीएसएटी दिल्यापासून मोठमोठ्या विद्यापीठांची पत्रं आणि ईमेल रोज येतात. तिला वाटतं, आपली निवडच झाली. आम्ही काय समजायचं?

उत्तर : ही निवड नाही, जाहिरात आहे. पीएसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या 'स्टुडंट सर्च सर्व्हिस'मध्ये मुलीने नाव नोंदवलं असेल, तर गुणांचा टप्पा, आवडीचा विषय, राहण्याचा भाग अशा निकषांवर महाविद्यालयं शुल्क भरून तिची माहिती मिळवतात. अर्ज जितके जास्त, तितकं प्रवेशाचं प्रमाण कमी दिसतं, आणि ते प्रतिष्ठेचं मानलं जातं. म्हणूनच जिथे प्रवेशाची आशा फारच थोडी, तिथूनही आर्जवी पत्रं येतात. कोवळ्या वयातल्या मुलांच्या आशेशी असं खेळणं मला मुळीच पटत नाही.

तरी सगळंच कचऱ्यात टाकू नका. काही महाविद्यालयं विद्यार्थ्याने दाखवलेल्या रसाची नोंद ठेवतात. खरोखर आवडलेल्या चार-पाच ठिकाणच्या ईमेल तिने उघडाव्यात, माहिती-सत्रांना जावं. या पत्रव्यवहारासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा. खर्चाचा अंदाज मात्र तुम्हीच घ्या : महाविद्यालयाच्या वेबसाइटवरच्या 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर'मध्ये तुमचं उत्पन्न भरून पाहा. छापील फी आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत बरंच अंतर असू शकतं.

नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीतली पीएसएटी धरतात, दहावीतली नाही. अनेक महाविद्यालयांना एकच अर्ज पाठवता येणाऱ्या कॉमन अ‍ॅपचा नवा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. तुमच्यासाठी तो अकरावीनंतरचा ऑगस्ट. नववीपासूनचे गुण अर्जात दिसतात, तेव्हा सध्या तिला अभ्यास करू द्या, आणि शाळेच्या समुपदेशकांना याच वर्षी भेटा.