हाती पिस्तूल आले, न्याय मिळाला काय?

शास्त्रवाचन : २ शमुवेल, अध्याय १३

तरुणांच्या वर्गास शिकवणाऱ्याला तरुण काय पाहतात याची माहिती असावी. पाश्चात्त्य पॉप गाण्यांचे व्हिडिओ आज आपल्या मुलामुलींच्या फोनवर आहेत. त्यांपैकी काहींत स्त्री शस्त्र उचलते व तिलाच सबला म्हटले जाते. ‘हे सर्व वाईट’ एवढे सांगून वर्ग संपवू नये. दोन उदाहरणे नीट पाहू या.

१. पहिला व्हिडिओ

बार्बेडोस बेटावर जन्मलेल्या रिहाना या गायिकेचा ‘मॅन डाउन’ हा व्हिडिओ २०११ साली निघाला. दिग्दर्शक अँथनी मँडलर यांनी त्याचे चित्रण जमैकात केले. आरंभीच गर्दीच्या स्थानकात ती एका पुरुषावर गोळी झाडते. मग कथा एक दिवस मागे जाते. सायकलवरून हिंडणारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी हसून बोलणारी मुलगी दिसते. रात्री नाचाच्या ठिकाणी एक पुरुष लगट करतो; ती त्याला दूर सारते. तो पाठलाग करून तिच्यावर अत्याचार करतो. ती रडत घरी धावते व पिस्तूल काढते.

अमेरिकेतील पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिलने या व्हिडिओवर कडक टीका केली. असा प्रसंग कोणत्याही मुलीवर येऊ शकतो, म्हणून सावध राहावे, असे रिहानाचे म्हणणे होते. तिने स्वतःही मार सोसला होता. २००९ साली तिचा तेव्हाचा मित्र, गायक ख्रिस ब्राउन याने तिला मारहाण केली व न्यायालयात गुन्हा कबूल केला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गाण्याच्या शब्दांत विजयाचा आनंद नाही. हातून माणूस मेला याचे ओझे आहे. दुसरे असे की, दिवसा जे शेजारी तिच्याशी हसले, त्यांपैकी एकाच्याही दाराशी ती रात्री जात नाही.

२. दुसरा व्हिडिओ

२०१५ साली याच गायिकेच्या दुसऱ्या व्हिडिओत एक हिशेबनीस तिचे पैसे बुडवतो. ती त्याच्या पत्नीला पळवून नेते, उलटे टांगते, तिचे हाल करते. अपराध पुरुषाचा, आणि यातना मात्र दुसऱ्या स्त्रीला! याला सबलीकरण कसे म्हणावे? बळ एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पण दुर्बळाला वागवण्याची रीत तीच राहिली.

३. तामारेची गोष्ट

अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला. तिने गप्प बसणे पसंत केले नाही. वस्त्र फाडून ती मोठ्याने रडत गेली. परंतु तिचा भाऊ अबशालोम याने तिला गप्प राहण्यास सांगितले. बाप दावीद संतापला, पण राजा असूनही त्याने न्याय केला नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला मारविले. त्या सूडाने तामारेला काय मिळाले? ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली, एवढेच शास्त्र सांगते. वडीलधाऱ्यांनी न्याय टाळला की त्याची जागा सूड घेतो.

४. आपले काम

वर्गातील एखादी मुलगी विचारील, “मग तिने काय करावयाचे होते?” ‘क्षमा कर’ एवढेच उत्तर देणारा शिक्षक अबशालोमाप्रमाणेच तिला गप्प बसवतो. तिचे ऐकून घ्यावे, तिच्यावर विश्वास ठेवावा, दोष तिच्यावर टाकू नये. मुलगा वा मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा आहे. मंडळीची अब्रू हे कारण तेथे चालत नाही. मुलांसाठी १०९८ व स्त्रियांसाठी १८१ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावावेत.

चर्चेसाठी प्रश्न

१) दोन्ही व्हिडिओंत प्रथम अन्याय कोणी केला, व शिक्षा कोणी भोगली?
२) दावीदाने काय केले असते तर अबशालोमाच्या हातून खून टळला असता?
३) आपल्या मंडळीत अशी मुलगी रात्री कोणाच्या दाराशी जाईल? ते दार उघडेल काय?