दोह्यातली नोकरी आणि हलक्या हाताची विद्या

निकालाच्या मोसमात पालकांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. ‘कतारमध्ये ऑपरेशननंतरच्या लिम्फॅटिक ड्रेनेज मसाजला चांगली मागणी आहे म्हणे. तीन महिन्यांचा कोर्स करून मुलीला पाठवावं का?’ विद्या खरी आहे आणि मागणीही आहे. पण तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर दोह्यातल्या रुग्णालयात रुग्णाला हात लावता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे. तो का योग्य आहे, हे मुलांना आधी कळायला हवं.

रक्तवाहिन्यांसारखंच शरीरात लसिकेचंही, म्हणजे लिम्फचंही, जाळं असतं. पेशींभोवती उरलेलं पाणी आणि प्रथिनं गोळा करून ते मानेच्या तळाशी, कॉलरबोनमागच्या मोठ्या शिरांमध्ये सोडतं. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या, तर त्या हाताची ही वाट तुटते. अशा साधारण पाचांपैकी एका स्त्रीच्या हाताला पुढे सूज येते, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. बांगडी चढेनाशी होते, ब्लाउजची बाही दंडात रुतू लागते. या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात.

उपचार करणारी थेरपिस्ट आधी टेप घेऊन दोन्ही हात ठरावीक अंतरांवर मोजते आणि आकडे लिहून ठेवते. सुरुवात सुजलेल्या हातापासून होत नाही. आधी मान, मग धड आणि दुसऱ्या बाजूची काख, हात सगळ्यात शेवटी. पुढची वाट मोकळी झाल्याशिवाय मागचं पाणी सरकत नाही. लसिकेच्या सर्वांत बारीक नळ्या त्वचेला लागूनच असतात, म्हणून दाब त्वचा जेमतेम ताणली जाईल इतकाच द्यायचा. एरवी तेलही लावत नाहीत, कारण हात घसरला की त्वचा ताणली जात नाही. मग एकेक बोट वेगळं गुंडाळायचं, हातावर कापसाचा किंवा फोमचा थर द्यायचा आणि त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या बांधायच्या. त्या पट्ट्यांसकट व्यायाम करून घ्यायचा, त्वचेची निगा शिकवायची. म्हणजे मालिश हा उपचाराचा एक भाग झाला. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने 1930 च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि पट्ट्या-व्यायामांसह तिचा पूर्ण उपचार पुढे जर्मनीत फोल्डी दांपत्याने रूढ केला.

पण प्रत्येक सुजेवर मालिश चालत नाही. पाय सुजला म्हणून आलेल्या रुग्णाच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. हात लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. हृदय कमकुवत असेल तर परत ढकललेलं पाणी त्याला झेपत नाही. अशा वेळी मालिश थांबवून डॉक्टरांना बोलवायचं असतं. हे ओळखण्यासाठी शरीरशास्त्र, विकृतिशास्त्र आणि वॉर्डातला अनुभव लागतो. म्हणून माझं मत ठाम आहे: ही वाट फिजिओथेरपीच्या पदवीतूनच जाते.

महाराष्ट्रात या पदवीचा, म्हणजे बीपीटीएचचा, प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ही पदवी आजवर चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी होती. अशा आरोग्य व्यवसायांसाठीच्या नव्या राष्ट्रीय आयोगामुळे अभ्यासक्रम बदलतो आहे, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचंच माहितीपत्रक वाचा. पदवीनंतर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी करायची, मग कर्करोग किंवा शल्यविभाग असलेल्या रुग्णालयात काम. लसिकेचं विशेष प्रशिक्षण त्यानंतर. त्यासाठी 135 तासांचा मापदंड जगभर ओळखला जातो आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष हाताने करायचा असतो. केवळ व्हिडिओ दाखवून प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे पैसे घालवू नका.

कतारमध्ये हमद मेडिकल कॉर्पोरेशन ही सरकारी रुग्णालयांची मुख्य संस्था आहे. दोह्याचं राष्ट्रीय कर्करोग केंद्र तिचंच. परवाना देतो तो आरोग्य मंत्रालयाचा हेल्थकेअर प्रोफेशन्स विभाग. पदवी, नोंदणी आणि अनुभवाची कागदपत्रं मूळ संस्थेकडून पडताळून घेतली जातात, संगणकावर परीक्षाही होते. पदवीनंतर किती अनुभव हवा हे त्या विभागाच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटाच्या तोंडी हिशेबावर विसंबू नका. खासगी क्लिनिकांत लायपोसक्शन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेसाठीही हे काम निघतं. पण ‘चरबी वितळते, विष निघून जातं’ असं रुग्णांना सांगणारी जागा असेल, तर तिथे शिकलेली मुलगी टिकणार नाही आणि टिकूही नये.

‘शेवटी मालिशच ना?’ असं काही वडील विचारतात, तेव्हा मला वाईट वाटतं. स्तन गमावलेली बाई तो हात, ती छाती परक्या माणसासमोर उघडी करते आणि बहुतेकदा तिला समोर स्त्रीच हवी असते. कतारमध्ये तर हे आग्रहाने पाळलं जातं. आपल्या मुलींना तिथे खरी संधी आहे ती यामुळे. आणि दोह्याचं जमलं नाही तरी हे शिक्षण वाया जाणार नाही. भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात हत्तीरोगाने सुजलेले पाय घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. पट्टी बांधणारा, त्वचा जपायला शिकवणारा जाणकार हात त्यांच्यापर्यंत फार कमी पोचतो.

आता पैशांचं. कतारमध्ये पगारावर आयकर नाही, पण दोह्यात घरभाडं जड पडतं. पगार ऐकताना राहण्याची सोय, विमानाचं तिकीट आणि परवान्याचा खर्च कोणाकडे, हे लेखी विचारा. तिथल्या कायद्याने कामगाराकडून भरतीसाठी पैसे घेता येत नाहीत. भारतात नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच घेता येतं, तेही पावतीसह. त्याची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. दागिने गहाण ठेवून लाखांत रक्कम मोजायची वेळ आली, तर तिथेच थांबा.

मुंबईत कतार व्हिसा केंद्र आहे. वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे देण्याबरोबरच नोकरीच्या करारावर सही तिथेच होते, निघण्याआधी. त्या दिवशी आईवडिलांनी मुलीला घाई करू नये. पदनाम, मूळ पगार आणि मालकाचं नाव तिने वाचून घ्यावं. बोलणी फिजिओथेरपिस्टची झाली असतील आणि कागदावर दुसरंच पद असेल, तर त्या दिवशी सही न करता घरी यावं.