मनगटावरचा हात

अंबाजोगाई,
१२ जून २०२५

बाई,

परवा तुझ्या थोरल्या जावेकडून कळलं, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आपल्या अबोल, स्वमग्न लेकराचा कॉलेजचा फॉर्म भरायचा नाही असं तू ठरवलंस म्हणे. त्यामागचं कारण त्याहून वाईट. घरातल्याच कुणी तरी म्हटलं की घरी टॅबवर जे पानंच्या पानं उतरतं ते लेकराचं नव्हे, त्याचं मनगट धरणाऱ्या आईचं. परीक्षेत तर त्याला एकेका उत्तरात चार शब्दांच्या पुढे जाता आलं नाही. आणि तू उत्तर न देता टॅब कपाटात ठेवून दिलास. बाई, मला राग आला तो म्हणणाऱ्याचा नाही, तुझा आला. बोलणाऱ्याने प्रश्न योग्य विचारला होता. उत्तर शोधायचं सोडून तू लेकराच्या हातातली पाटीच काढून घेतलीस. बारावीच्या पेपरात अक्षरतक्त्यावर एकेक बोट ठेवत, लेखनिकाकडून उतरवून घेत त्याने किती तास काढले ते मी तुला सांगायला नको. त्या चार शब्दांवर माझं सगळं म्हणणं उभं आहे, म्हणून हे पत्र लांबेल.

आधी त्या जुन्या आक्षेपाचं पाहू, जो आपल्या प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी काढतं: बोलत नाही त्याला समजत तरी काय असणार? स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलं शाळेच्या वयात येऊनही बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द बोलतात. त्यांची बुद्धी मापायला नेहमीची कसोटी लावली तर ती नापासच होणार, कारण तिथे प्रश्न बोलून विचारतात आणि उत्तरही बोलूनच हवं असतं. २०१५ साली माँट्रिअलच्या संशोधकांनी अशा ३० मुलांना आधी ती नेहमीची कसोटी दिली. एकालाही ती पूर्ण करता आली नाही. मग आकृत्या जुळवायच्या, चित्रात लपलेला आकार शोधायचा अशा, बोलणं न लागणाऱ्या कसोट्या दिल्या, तर २६ मुलांनी त्यांतली निदान एक पूर्ण केली. प्रत्येक मौनाआड विद्वान बसलेला असतो असा याचा अर्थ नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. अर्थ एवढाच की जिभेवरून डोकं मोजता येत नाही. हे लिहिताना मला अवघड जातं. इतकी वर्षं शिकवलं, पण उभं राहून खणखणीत उत्तर देईल तो हुशार, हेच माप मी लावलं. जी मुलं मान खाली घालून बसली त्यांना दुसऱ्या कुठल्या वाटेने विचारून पाहावं, हे सुचलं नाही. ती वर्षं आता परत येत नाहीत. तुझ्या लेकराची वर्षं मात्र अजून पुढे आहेत. आणि टॅब दिला की उरलंसुरलं बोलणंही जाईल, ही सासूबाईंची भीतीही सोड. २००६ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा चित्रांनी वा यंत्राने बोलायला शिकल्यामुळे कुणाचं बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बऱ्याच जणांचं थोडं वाढलंच.

आता मनगटाकडे येतो. तुला हे लागेल, पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. हात धरून टाइप करून घेण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी सुरू केली आणि पुढे अमेरिकेत ती झपाट्याने पसरली. घराघरांत आनंद झाला. अबोल मुलं एकाएकी लांबलचक वाक्यं लिहू लागली होती. मग १९९० नंतरच्या वर्षांत तिची परीक्षा झाली. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. मुलाने किल्ली पाहिली आणि धरणाऱ्याने कप पाहिला, तर कागदावर काय उमटतं? पुन:पुन्हा उमटलं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. यातली सर्वांत दुखरी गोष्ट अशी की ती माणसं लबाड नव्हती. आपलाच हात नकळत अक्षराकडे सरकतो हे त्यांना शेवटपर्यंत जाणवलं नाही. मायेने धरलेल्या हातालाही ते जाणवत नाही. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं, आणि समोर अक्षरपाटी धरून सतत सूचना देत लिहवून घेण्याच्या पद्धतीलाही तोच निर्णय लावला. म्हणून २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजच्या पदवीदान समारंभात अबोल स्वमग्न विद्यार्थिनी एलिझाबेथ बॉन्कर हिचं जे गाजलेलं भाषण यंत्राच्या आवाजात झालं, ते ऐकून मला आनंद झाला तरी माझा मुद्दा मी तिच्यावर उभा करत नाही. ती या दुसऱ्या पद्धतीने शिकली आहे, आणि शंका घेणारा तिथेच बोट ठेवील. त्यापेक्षा जॉर्डिन झिमरमन या अमेरिकेतल्याच अबोल स्वमग्न विद्यार्थिनीकडे बघ. अठरा वर्षांची होईपर्यंत तिला मनातलं सांगायचं धड साधनच मिळालं नव्हतं. मग आयपॅड मिळाला, त्यावर ती स्वतःच्या बोटाने टाइप करू लागली, ओहायो विद्यापीठातून पदवी घेतली आणि २०२१ मध्ये बॉस्टन कॉलेजातून पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं.

म्हणजे घरी उतरलेली ती सुंदर पानं कदाचित त्याची नाहीत, निदान सगळी त्याची नाहीत. हे मान्य करायला तुला किती जड जाईल ते मला कळतं. पण परीक्षेतले ते तुटके चार शब्द? तिथे तू नव्हतीस. ते त्याचेच आहेत, आणि मला ती पानं नकोत, ते चार शब्द हवेत. लोकांनी त्यांना कमी लेखलं तर लेखू दे. तू त्यांना कमी लेखलंस, याचं मला वाईट वाटतं.

घरच्यांनी मदत करायचीच नाही का, असं तू विचारशील. मदतीशिवाय एकही असं मूल कॉलेजच्या दारापर्यंत पोचलेलं मला माहीत नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचं. त्या स्वमग्न नाहीत, त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. पण बोलणं परक्याला कळत नाही, ही अडचण तीच. त्यांच्यासाठी शाळा नव्हती, म्हणून आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स कॉलेजातून बी.ए. झाल्या, लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, आणि करंगळीने एकेक कळ दाबत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. आईने शाळा उभी केली, दारं उघडायला लावली. कळ मात्र करंगळीनेच दाबली. तू म्हणशील, मामा, त्यांची मुंबई आणि लंडन, आमचं माजलगाव. खरं आहे. पण त्या शिकल्या तेव्हा आपल्या देशात दिव्यांगांच्या हक्काचा एकही सर्वंकष कायदा नव्हता, आणि त्यांची यंत्रं परदेशातून यायची. आज मुंबईच्या आयआयटीने केलेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अॅप मराठीतही फुकट मिळतं, आणि तिथलाच ‘स्वरचक्र’ हा मराठी कळफलकही. साध्या स्मार्टफोनवर दोन्ही चालतात.

मग कॉलेजचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता नावानिशी आहे. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. परीक्षेबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तासाला किमान २० मिनिटं जादा देतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास, आणि संगणकावर उत्तरं लिहिण्याची मुभाही त्यांत आहे. या मुभेकडे नीट लक्ष दे. लेखनिक त्याला मिळेल, पण लेखनिकाला तोंडाने सांगणं त्याला जमत नाही, आणि तक्त्यावर एकेक अक्षर दाखवण्यात बारावीला किती वेळ गेला ते आपण पाहिलंच. तेव्हा अर्जात संगणकच माग. पर्यवेक्षकासमोर, मनगटावर कुणाचा हात नसताना त्याने टाइप केलेल्या दोन ओळी हे त्या घरातल्या प्रश्नाचं उत्तर असेल. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. आणि दाखल्यावरचा टक्का मोठा म्हणून कुणी दारातूनच परत पाठवू लागलं, तर ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा निकाल दाखव. वाणी आणि भाषेचं दिव्यांगत्व ४४-४५ टक्के म्हणून त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता टक्का पाहून नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम या विद्यार्थ्याला झेपेल का, हे मंडळाने तपासलं पाहिजे.

पदवी घेऊन करायचं काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात बोलक्या पोरांनाही चुकलेला नाही. दिवाळी झाली की किती पदवीधर हातात कोयता घेऊन साखर कारखान्याची वाट धरतात ते तू पाहतेसच. तेव्हा फक्त याच्याकडून आधी नोकरीची हमी मागणं अन्यायाचं आहे. गोंगाटाची भीती मात्र खरी आहे. दीडशे पोरांचा वर्ग, पत्रे तापलेले, बाकांचा आवाज, हे त्याला सोसणार नाही. तर सगळे तास बसायचा हट्ट धरू नको. प्राचार्यांना आधी भेट, मागच्या दाराजवळची जागा माग, मध्ये उठून जायची परवानगी लेखी घे. ते नाहीच जमलं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पण पहिला प्रयत्न कॉलेजचा. मुक्त विद्यापीठ कमी दर्जाचं म्हणून नव्हे. घरी अभ्यास म्हणजे पुन्हा तू आणि तो, आणि पुन्हा मनगटावर तुझा हात.

तोच तो विषय मी धरून बसलोय, मला कळतंय. रात्री जाग येते तेव्हा एकच मनात येतं: तुझ्या माघारी काय? अठरा पूर्ण झाली की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा कागद करून घे असं तुला चारजण सांगतील, आणि तो लागेलही. पण कागदावर सही करणारा पालक मिळाला तरी त्याला काय हवं हे त्या पालकाला कोण सांगणार? भात नको, दिवा बंद करा, दात दुखतोय, मला इथे राहायचं नाही. एवढं जरी स्वतःच्या बोटाने सांगता आलं तरी मी निश्चिंत मरेन. पदवी मला त्यासाठी हवी आहे, बाई. तीन वर्षं रोज परक्या माणसांना काही तरी सांगायची सवय, दुसरं काही नाही.

फार बोललो का? लेकराला जन्मल्यापासून तू एका क्षणासाठी खाली ठेवलं नाहीस, आणि मी इथे बसून हात सोड म्हणतो. एकदम सोडायचा नाही. आधी मनगटावरून कोपरावर ये, मग खांद्यावर, मग शेजारी नुसतं बस. तो चुकेल, रडेल, टॅब फेकेल. त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजू दे. फॉर्मची मुदत संपायच्या आत मी माजलगावला येतो, आपण तिघं जाऊन भरू. येताना मामीने केलेले शेंगदाण्याचे लाडू आणतो, ते त्याला चालतात हे तिने लक्षात ठेवलंय.

तोवर एक कर. हात हळूहळूच सोड, पण आज एकदा टॅब बाहेर काढ आणि त्याच्यासमोर ठेवून तू स्वयंपाकघरात जा. एक अक्षर येऊ दे, अर्धा शब्द येऊ दे, नुसतं ‘म’ येऊ दे. जे येईल ते तसंच मला पाठव. दुरुस्त करू नकोस.

तुझा,
मामा