रात्रपाळी करता? मग डॉक्टरांना आधी ते सांगा

माझ्या छातीत कळ आली नव्हती. रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका स्पंज आयर्न कारखान्यात सी शिफ्ट, म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ ची पाळी, संपत आली होती. जबडा जड झाला, पाठीत ओझं ठेवल्यासारखं वाटू लागलं आणि कंट्रोल रूमच्या एसीतही दरदरून घाम फुटला. बरोबरचे लोक ॲसिडिटी म्हणत होते. शिफ्ट इंचार्जने कुणाचं ऐकलं नाही, त्याने सरळ १०८ ला फोन लावला. हृदयाची एक धमनी बंद झाली होती. त्याच सकाळी स्टेंट बसला.

वय पंचेचाळिशीच्या आत, सिगारेट नाही, तंबाखू नाही. इस्पितळात आई-वडिलांचे आजार विचारले, जेवणात तेल किती ते विचारलं. कामाची वेळ मात्र कुणी विचारली नाही, आणि हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आमच्या घराला पाळ्या नव्या नाहीत. १९५९ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून विदर्भातून तिकडे गेलेल्या कितीतरी मराठी घरांत मुलांना ए, बी, सी ही अक्षरं वडिलांच्या पाळ्यांची नावं म्हणून आधी कळायची. बाबा नाइट करून आले की दुपारी घरात मोठ्याने बोलायचं नाही, हा नियम. आता मी नवा रायपुरात राहतो. श्री सत्य साई संजीवनी इस्पितळात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात, म्हणून देशभरातून आई-बाप या शहरात येतात. पोराच्या हृदयासाठी इतक्या लांब येणाऱ्या बापाच्या स्वतःच्या हृदयाचं काय, हा विचार त्यांना पाहून हल्ली माझ्या मनात येतो.

रात्री जागल्याने होतं तरी काय? निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांना विसावा मिळतो तो तेवढाच. रात्रपाळीत तो उतार मिळत नाही, आणि दिवसाच्या तुटक झोपेत पुरता भरूनही निघत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना कूलरखाली कितीशी झोप लागणार? शिवाय शरीराच्या आतलं घड्याळ पाळीप्रमाणे लगेच फिरत नाही. (त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.) रात्री २ वाजता कॅन्टीनचा समोसा आणि गोड चहा घेतला, तर त्या वेळी शरीर साखर नीट हाताळू शकत नाही. हे वर्षानुवर्षं चालतं.

स्वीडनमधल्या कागद कारखान्याच्या कामगारांवरचा अभ्यास १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला होता. वीस वर्षांपर्यंत पाळीत जितकी वर्षं जास्त, तितका हृदयविकार जास्त, असं त्यात दिसलं. पुढे २०१२ मध्ये २० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त निघालं. भारतीय उपखंडातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं आधीच येतो. म्हणजे आपल्याकडे दोन धोक्यांची बेरीज होते.

नोकरी सोडा, असा सल्ला मी देणार नाही. स्पंज आयर्नची भट्टी हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. ती रोज संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही, म्हणजे रात्री कुणीतरी जागणारच. पण जागणाऱ्याने काही गोष्टी धरून ठेवाव्यात. मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी करा, मध्यरात्रीनंतर शक्यतो पाणीच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवलं होतं. त्यात फक्त दिवसा जेवलेल्यांच्या हृदयाशी निगडित चाचण्या बिघडल्या नाहीत. प्रयोग लहान होता, पण मला तो पटला आणि डबा आता मी संध्याकाळीच संपवतो. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. रक्तदाबाची गोळी पाळी बदलली की कधी घ्यायची, तेही त्यांनाच विचारा, मनाने वेळ हलवू नका. रक्तदाब एकदा नाइटच्या आठवड्यात आणि एकदा सुट्टीच्या आठवड्यात मोजून ते आकडे कागदावर त्यांच्यापुढे ठेवा.

पाळ्या लावणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो. स्टॉकहोमच्या पोलिसांवर हा बदल करून पाहिला, तेव्हा त्यांचा रक्तदाब आणि रक्तातली चरबी कमी झाली, असा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तक्ता बदलायला पैसे लागत नाहीत. ठरावीक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची, अशी तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. ती मागून घ्या, त्यात संकोच कसला?

जबडा, पाठ, खांदा, दम, घाम, यांतलं काहीही पाळीत अचानक सुरू झालं, तर गाडी चालवत घरी निघू नका, १०८ ला फोन करा. आणि चाळिशीनंतर जमेल तेव्हा कायमची दिवसपाळी मागा. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत रात्रपाळी सुटल्यावर त्यांचा वाढलेला धोका काळाबरोबर कमी होत गेला, हे २०१६ मध्ये नोंदलं गेलं आहे.