प्रायश्चित्त म्हणजे काय?

आपलें श्रीवर्धन हें पेशव्यांच्या भट घराण्याचें मूळ गांव. त्याच घराण्यांतील नारायणराव पेशव्यांचा ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्यास शनिवारवाड्यांत खून झाला. चुलते रघुनाथराव यांजवर दोष आला, तेव्हां देहान्तावांचून याला दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांना निर्भयपणें सांगितलें, ही कथा प्रसिद्धच आहे.

ख्रिस्ती धर्मही पाप हलकें मानीत नाहीं. परंतु अपराध्याचा प्राण घेतला तरी तुटलेलें नातें जुळत नाहीं. म्हणून, ख्रिस्ती शिकवणीप्रमाणें, जें ऋण मनुष्याला फेडतां येईना, तें ख्रिस्तानें वधस्तंभावर स्वतःचा प्राण देऊन फेडलें आणि देवाशीं मनुष्याचा समेट केला.

मग अपराध करून स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. लूककृत शुभवर्तमानांतील जक्कय हा जकातदारांचा मुख्य. प्रभु त्याच्या घरीं उतरला, तेव्हां अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्याचें त्यानें कबूल केलें. क्षमा त्यानें विकत घेतली नाहीं. प्रभूनें जवळ केलें, म्हणून त्याची मूठ सैल झाली.

बाळांनो, मित्राची लेखणी लपविली असेल, तर आजच कबूल करा व परत द्या. आणि पालकहो, कबूल करणाऱ्या मुलाला आधीं जवळ घ्या.