डावीकडे उभी असणारी मुलं

प्रश्न : वडिलांना मेंदूचा झटका येऊन गेला. हातपाय, बोलणं ठीक आहे, पण डावीकडचं दिसत नाही. ताटातली डावीकडची चटणीही राहून जाते. आता त्याच बाजूला त्यांना टोप्या घातलेली मुलं दिसतात. ‘खरी नाहीत, हे कळतं मला,’ असंही तेच म्हणतात. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. वेडाची सुरुवात तर नाही ना?

उत्तर : नाही, आणि बाहेरचंही नाही. दिसलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. उजवीकडे तिथला रक्तपुरवठा तुटला, की दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग दिसेनासं होतं. शेजारच्या, चेहरे-रंग-आकृत्या ओळखणाऱ्या पेशी मात्र शाबूत असतात. त्यांच्याकडे येणारी खबर थांबली, की त्या आपणहून जाग्या होतात आणि अंधाऱ्या बाजूत चित्रं उमटतात. म्हणून मुलं डावीकडेच उभी असतात.

डोळ्यांची दृष्टी अधू झाली तरी असंच घडतं. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी 1760 साली आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं आहे. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या या वृद्धांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. बुद्धी मात्र तल्लख होती. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दृष्टी अधू झालेल्या रुग्णांच्या मेंदूचं, भास चालू असतानाच स्कॅनिंग केलं. रंग दिसत असताना रंग ओळखणारा भाग कामाला लागलेला आढळला.

झटक्यानंतरचे हे भास बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत विरतात. खोलीत उजेड वाढवा. चित्र दिसू लागलं की नजर इकडेतिकडे फिरवायला सांगा. पुष्कळांना तेवढ्यानं उतार पडतो. मेंदूविकारतज्ज्ञांना हे सारं मोकळेपणानं सांगा. रंगीत गोल किंवा ठिपके काही सेकंदच, पुन्हापुन्हा तसेच दिसत असतील, तर ते फिटचं लक्षण असू शकतं. त्याला ईईजी आणि वेगळी औषधं लागतात. आवाज ऐकू येऊ लागले, मुलं खरी वाटू लागली किंवा वडील गोंधळले, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

वडिलांना गप्प करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. वेड्यात काढतील या धास्तीनं कितीतरी वृद्ध हे कुणापाशी बोलत नाहीत. तुमच्या वडिलांनी विश्वासानं सांगितलं आहे. आणि स्कूटरची किल्ली सध्या तुमच्याकडे ठेवा, डावीकडून येणारी गाडी त्यांना दिसणार नाही.